थोडे फटके, पुष्कळ फटके

नरकाची पहिली ओळख मला आजीने करून दिली. आमच्या वसईच्या पट्ट्यात तेव्हा घरोघरी पानवेली होत्या. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली की आजी विड्याच्या पानांच्या कवळ्या बांधायला बसायची आणि आम्ही पोरं तिच्याभोवती. तिच्या नरकात राजे नव्हते, राक्षस नव्हते. होती ती सगळी आमच्यासारखी वाडीतली माणसं. नाव ती कुणाचंच घेत नसे. ‘एक होता,’ एवढंच.

एक होता, त्याने शेजाऱ्याचा बांध दर पावसाळ्यात वीतभर कोरला. मेल्यावर ती सगळी माती त्याला पाटीने वाहावी लागते. टाकून परत येतो तो पाटी पुन्हा भरलेली. एक होता, तो रात्री उठून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या वाडीत वळवायचा. त्याच्यापुढून पाट खळखळत जातो आणि ओंजळ खाली नेली की कोरडा पडतो. एक होता सावकार. देताना लहान माप, घेताना मोठं. तो भात मोजत बसलाय, माप काही भरत नाही. आणि एक होती सासू, सुनेला शिळं वाढणारी. तिच्या भोवती जाळ आहे. पण दुष्काळात दारी आलेल्या एका अनोळखी मजुराला तिने एकदा पेज दिली होती, म्हणून दिवसातून एकदा तिच्याभोवतीचा जाळ विझतो. पेजेचं भांडं रिकामं व्हायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढा वेळ.

मी एकदा विचारलं, ‘आगीत सगळे सारखेच भाजत असतील ना?’

आजीने हातातली कवळी खाली ठेवली. ‘सारखे कसे भाजतील? देव काय आंधळा आहे?’

आजोबांच्या आठवणीतला नरक वेगळा होता. त्यांच्या तरुणपणी ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाहेरगावचे फादर प्रवचनांसाठी यायचे. आमच्याकडची म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणत. त्या देवळात अंधार करून, एक मेणबत्ती लावून ते अनंतकाळाची कल्पना द्यायचे. डोंगराएवढी वाळू, हजार वर्षांतून एकदा येणारा पक्षी, चोचीत एक कण. सगळा डोंगर संपला तरी नरकातला पहिला दिवससुद्धा सरलेला नसतो. बायका रडायच्या, पुरुष मान खाली घालून घरी यायचे. आजोबा सांगत, अशाच एका प्रवचनाच्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन भाऊ एकमेकांच्या दारात उभे होते, हेही ते त्याच दमात सांगत. भीतीने माणसं वाकली आणि काही सरळही झाली. दोन्ही खरं.

पुढे वाचायला लागल्यावर मला दिसलं, की या दोन नरकांमधला वाद आमच्या ओसरीवर सुरू झालेला नव्हता. सगळ्यांना एकच आग, की ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेइतकाच जुना आहे.

जेरुसलेमच्या दक्षिणेला हिन्नोमचं खोरं आहे. तिथे मोलख दैवतापुढे पोटची मुलं अग्नीत अर्पण होत. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला शाप दिला. येशूच्या तोंडी नरकासाठी येणारा गेहेन्ना हा शब्द त्याच खोऱ्याचा. मुलं जाळण्याच्या जागेची ही आठवण. ख्रिस्ती मनातल्या नरकाची आग मुळात माणसाने पेटवलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच येशूच्या बोलण्यात पायऱ्याही आहेत. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात दोन चाकरांचा दृष्टान्त येतो. धन्याची इच्छा माहीत असून ज्याने काम केलं नाही त्याला पुष्कळ फटके. माहीत नसताना ज्याच्या हातून चूक झाली त्याला थोडे. ज्याला जास्त दिलं त्याच्याकडून जास्त मागितलं जाईल. मत्तयच्या अकराव्या अध्यायात येशू खोराजिन, बेथसैदा आणि कफर्णहूम या गावांना बजावतो, की न्यायाच्या दिवशी सोर आणि सीदोनला, अगदी सदोमलासुद्धा, तुमच्यापेक्षा सोपं जाईल. सोर आणि सीदोन ही परधर्मीयांची बंदरं. खोराजिन आणि बेथसैदा ही ज्यांनी येशूचे चमत्कार डोळ्यांनी पाहिले ती आपली गावं. मोजमाप कशाने होणार हे तिथे स्पष्ट आहे. किती उजेड मिळाला होता आणि त्या उजेडात काय केलंस, यावर.

पण माणसांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांना तपशील हवा होता. दुसऱ्या शतकात ‘पेत्राचं प्रकटीकरण’ नावाचं पुस्तक लिहिलं गेलं. त्यात प्रत्येक पापाला त्याला साजेशी शिक्षा आहे. ज्या जिभेने निंदा केली तिलाच टांगलेलं, आणि अनाथ-विधवांना न विचारणारे श्रीमंत चिंध्या नेसून तापलेल्या टोकदार खड्यांवर लोळताहेत. बायबलमध्ये या पुस्तकाला जागा मिळाली नाही, तरी पाचव्या शतकापर्यंत पॅलेस्टाइनमधल्या काही चर्चमध्ये ते शुभ शुक्रवारी वाचलं जाई. मग ते हरवलं. १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अख्मीम इथल्या एका थडग्यात त्याचा ग्रीक तुकडा सापडला. तो वाचताना मला आजीचा बांधकोऱ्या आठवला. तिने पेत्राचं प्रकटीकरण ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. शेजारच्या हिंदू वाड्यांत दहाव्याला गरुडपुराण वाचलं जाई, भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी आहे, तिथून काही तिच्या कानावर आलं असेल. पण जिथे जिथे बांध आहेत आणि ते कोरणारे आहेत, तिथल्या माणसांना हीच गोष्ट सुचत असणार, असं मला वाटतं.

चौथ्या शतकाच्या अखेरीला ‘पौलाचं प्रकटीकरण’ आलं. त्यात पौल नरक पाहतो आणि रडतो. त्याच्याबरोबर मिखाएल देवदूतही रडतो. दोघांच्या विनवणीने ख्रिस्त एक सवलत देतो: नरकातल्या माणसांना रविवारी, त्या एका दिवस-रात्रीपुरती, विश्रांती. ऑगस्टीनसारख्या कठोर बुद्धीच्या महागुरूने या पुस्तकाला थारा दिला नाही. शिक्षा सर्वकाळची, यावर तो ठाम होता. तरीही, नरकवासीयांच्या यातना मधूनमधून हलक्या होतात असं कुणाला मानायचं असेल तर मानू द्यावं, एवढी फट त्यानेही ठेवली.

त्या फटीतून एक सुंदर कथा आत आली. आठव्या ते दहाव्या शतकादरम्यान आयर्लंडच्या संत ब्रेंडनच्या समुद्रप्रवासाची गोष्ट लॅटिनमध्ये लिहिली गेली. ब्रेंडनला भर समुद्रात एका खडकावर लाटांचा मार खात बसलेला माणूस दिसतो. तो यहूदा इस्कारियोत, ज्याने प्रभूला विकलं तो. हा खडक म्हणजे त्याची शिक्षा नव्हे. ती त्याची रविवारची आणि सणासुदीची सुट्टी. इतर दिवशी तो आगीत असतो. आणि बसायला दगड कुठून मिळाला? प्रभूचा शिष्य होण्याआधी त्याने रस्त्यावरच्या खड्ड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली यावा म्हणून एक दगड ठेवला होता. तोच हा. जगातल्या सर्वांत मोठ्या विश्वासघातक्याच्या खात्यावरचा तो एक दगडही कुणीतरी जपून ठेवला. आजीची सासू आणि तिची पेज मी याच गोष्टीशेजारी ठेवतो. दान्तेने मात्र चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या महाकाव्यात याच यहूदाला नवव्या वर्तुळाच्या तळाशी, बर्फात, लुसिफरच्या जबड्यात टाकलं. दान्तेच्या नरकात जसजसं खाली जावं तसतशी आग मागे पडते आणि सगळं गोठतं, कारण तळाला विश्वासघात आहे. अगदी वरच्या वर्तुळात, हिरवळीवर, यातना नसलेले होमर, व्हर्जिल आणि सलादीन आहेत. पायऱ्यांचा हा नकाशा इतका पक्का झाला, की पुढे युरोपातल्या चित्रकारांच्या हातून तोच उतरत राहिला.

चर्चने अधिकृतपणे काय म्हटलं? ६ जुलै १४३९ रोजी फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने जाहीर केलं, की घोर पापात, किंवा केवळ आदिपापासह (बाप्तिस्म्याने धुतल्या जाणाऱ्या जन्मजात पापासह), मरणारे नरकात उतरतात, पण त्यांच्या शिक्षा सारख्या नसतात. आजीचं वाक्य परिषदेच्या ठरावात होतं. मात्र त्याच ठरावातले ‘केवळ आदिपापासह’ हे शब्द आमच्या घरात कोरलेले होते.

आजीचं पहिलं बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं. बाप्तिस्मा राहिला. जीव धोक्यात असेल तर सुईणीनेसुद्धा पाणी ओतून बाप्तिस्मा द्यावा, अशी चर्चची मुभा होती. पण त्या रात्री सगळ्यांचे हात आजीला वाचवण्यात गुंतले होते. १९१७च्या धर्मकायद्याप्रमाणे बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्याला पवित्र भूमीत ख्रिस्ती दफन नाही. बाळाला कुंपणापलीकडे पुरलं. क्रूस नाही, प्रार्थना नाही. ऑगस्टीनने अशा बाळांना सगळ्यांत सौम्य शिक्षा सांगितली होती. पुढे थॉमस अक्वायनसने तीही काढून टाकली. बाळं लिंबोमध्ये असतात, तिथे दुःख नाही, नैसर्गिक सुख आहे. फक्त देवाचं दर्शन नाही. हे आजीला कुणीतरी समजावून सांगितलं होतं. आईने मला सांगितलेलं तिचं उत्तर असं: ‘दुखत नाही म्हणतात, ते बरं झालं. पण त्याला कुणी उचलून घेत नाही ना?’

लिंबो हा कधीच चर्चचा बंधनकारक सिद्धान्त नव्हता. न्याय आणि करुणा यांच्यात अडकलेल्या विद्वानांनी शोधलेली ती जागा होती. १९८३च्या नव्या कायद्याने अशा बाळांना ख्रिस्ती दफनाची वाट मोकळी केली. एप्रिल २००७ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने, व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना देवाचं दर्शन मिळेल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात म्हटलं होतं. तोवर आजी गेली होती. तो निबंध मी आईला मराठीत सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला हे आधीच ठाऊक होतं. ती रोज त्याचं नाव घ्यायची.’

नावं घेणं हा आजीच्या धर्माचा कणा होता. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायचो. हा दिवस अकराव्या शतकाच्या सुमाराला क्लुनीच्या मठाधिपती ओडिलोने सुरू केला. पहिल्या महायुद्धात मृतांचे ढीग पडत असताना, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा (ख्रिस्तयाग) अर्पण करायची परवानगी दिली. शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, जिवांना आपल्या प्रार्थनेची मदत होते, ही त्यामागची श्रद्धा. पोप थोर ग्रेगरीने आपल्या मठातल्या युस्तुस नावाच्या संन्याशाची गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याने तीन सोन्याची नाणी लपवली होती. तो मेल्यावर त्याच्यासाठी ओळीने तीस दिवस मिस्सा झाली आणि त्याची सुटका झाली. आमच्याकडेही तीस मिस्सांची प्रथा तिथूनच आलेली. शुद्धिस्थान हीसुद्धा पायऱ्यांचीच श्रद्धा आहे, फक्त तिथल्या सगळ्या पायऱ्या वर जातात.

आजीच्या नावांच्या यादीत शेवटी एक ओळ असायची: ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी, आणि आपल्या आधीच्यांसाठी. आधीचे कोण, हे मला फार उशिरा कळलं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत केव्हातरी आमच्या कुणा पूर्वजाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं. त्याच्या आईच्या, आजाच्या डोक्यावर पडलेलं नव्हतं. ते कुठे गेले?

हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्सिस झेवियरला विचारला गेला. वसईलाही येऊन गेलेला हा संत १५५१ मध्ये जपानमधल्या यामागुची गावी धर्मोपदेश करत होता. २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की नव्या ख्रिस्ती माणसांना एका गोष्टीचं फार दुःख होतं. नरकात पडलेल्यांना सुटका नाही, असं आपण सांगतो तेव्हा ते आपल्या मेलेल्या आई-वडिलांसाठी, बायका-मुलांसाठी रडतात. प्रार्थनेने, दानाने काही करता येईल का, असं विचारतात. त्याने नाही म्हटलं. आणि प्रिय माणसांना असं रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे त्याच जपानमध्ये, नागासाकीला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर गेले. त्यांना जपानी येत होतं, ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे होते. पूर्वजांविषयीचा तो प्रश्न त्यांच्याही कानी अनेकदा आला असणार, असं मी धरून चालतो.

झेवियरच्या उत्तराच्या शेजारी लूकचा बारावा अध्याय ठेवला की उत्तर बदलतं. ज्याला धन्याची इच्छा कळलीच नाही त्याच्यावर इच्छा मोडल्याचा ठपका कसा? चर्चला हे पूर्णपणे उच्चारायला वेळ लागला. पोप नववे पायस यांनी १८६३ मध्ये, ज्यांचं अज्ञान त्यांच्या दोषाने आलेलं नाही त्यांना देव सर्वकाळची शिक्षा देत नाही, असं लिहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी आणखी स्पष्ट म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांना तारण मिळू शकतं. १९९९च्या जुलैत पोप दुसरे जॉन पॉल यांनी नरकाचा अर्थ सांगितला: जागा असण्यापेक्षा ती एक अवस्था आहे, जीवनाचा आणि आनंदाचा जो झरा आहे त्या देवापासून आपण होऊन कायमचं दूर जाण्याची. चर्चने हजारो संत घोषित केले. अमुक माणूस नरकात आहे, असं मात्र एकाही माणसाचं नाव घेऊन ठरवलेलं नाही.

आणि रोझरीतली एक छोटी प्रार्थना. १९१७ मध्ये पोर्तुगालच्या फातिमा गावी तीन गुराखी मुलांना मरिया मातेने नरकाचं दृश्य दाखवलं आणि त्यानंतर ही प्रार्थना शिकवली, अशी श्रद्धा आहे. आजी ती रोझरीतल्या दर दहा प्रार्थनांनंतर म्हणायची. तिच्यात नरकाची आग आहे, पण मागणी आहे ती सर्व जिवांना स्वर्गात नेण्याची, ज्यांना दयेची गरज सर्वांत जास्त आहे त्यांना तर आधी. आधीच्यांसाठी प्रार्थना करायला आजीला १९६४ची वाट पाहावी लागली नाही. ती हे त्याआधीच रोज मागत होती.

सातव्या शतकात निनवेचा इसहाक नावाचा महागुरू होऊन गेला. त्याने म्हटलं, नरकात बसणारे फटके हे प्रेमाचे फटके आहेत. ज्या प्रेमाचा आपण द्रोह केला ते कळणं, हीच तिथली यातना. हे वाचल्यावर मला पायऱ्यांचा अर्थ लागला. जितकं प्रेम मिळालं, जितकं कळलं, तितकं ते नाकारणं जड. म्हणून तळाला परधर्मी नाहीत, अडाणी नाहीत, बाळं तर नाहीतच. तळाशी जाण्याचा धोका आहे तो ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांना: ज्यांनी रोझरी म्हटली, प्रवचनं ऐकली, आणि सकाळी उठून बांध कोरला. खोराजिनला दिलेली ती तंबी आम्हाला आहे.

आज आमच्या वाड्यांतल्या विहिरी मचूळ होताहेत. पानवेली गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, भरावाखाली पाणथळी गेल्या. जुन्या माणसाला वीतभर बांधाची चोरी ठाऊक होती. आपल्याला एका सहीने किती घरांचं पाणी तुटतं, तेही ठाऊक आहे. आपल्याला जास्त दिलं गेलंय: शिक्षण, कायदा, बातमी, पैसा. लूकच्या हिशेबाने आपले फटकेही जास्त.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं मला विचारतात, शाळेतला माझा मित्र ख्रिस्ती नाही, तो नरकात जाईल का? मी त्यांना दोन चाकरांचा दृष्टान्त सांगतो आणि विचारतो, यातला धन्याची इच्छा माहीत असलेला चाकर कोण? मुलं हुशार असतात, लगेच ओळखतात. मित्राचा हिशेब देवाकडे आहे आणि देव आंधळा नाही. आपल्या वाट्याचं काम एवढंच, की जे कळलंय ते आजच करायचं. कोरलेला बांध आजच पूर्ववत करायचा, वळवलेलं पाणी आजच सोडायचं. नरकावर विश्वास ठेवण्याचा याहून खरा मार्ग मला ठाऊक नाही.